आत्यांच्या आतला

लग्न होऊन मी निमगाव साव्याला आले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी चुलीपुढे भाकरी थापत होते आणि मागे सासूबाई कांदे निवडत बसल्या होत्या. आम्हा दोघींशिवाय घरात चिटपाखरू नव्हतं. आणि मागून आवाज आला, "गप बस की मेल्या, सकाळधरनं डोकं खाल्लंय." भाकरी माझ्या हातातच फाटली. वळून बघितलं तर सासूबाईंचे डोळे कांद्यावर. आता कांद्याला तर कुणी असं बोलत नाही. मला म्हणत असाव्यात, तर 'मेल्या' कशाला म्हणतील? नवऱ्याला विचारलं, तर ते म्हणाले, "आतल्याला म्हनली आसंल. तू नको लक्ष देऊ."

आतला म्हणजे देव. हे मला कळायला बरेच दिवस लागले, आणि पचायचं अजून चालूच आहे.

सासूबाईंचं नाव सरुबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, मीही म्हणते. त्यांचा जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा. वाडा म्हटलं की लोकांना भिंती, दिंडी दरवाजा आठवतो. आमचा धनगराचा वाडा म्हणजे आज या शेतात, उद्या त्या शेतात बसवलेली मेंढरं, भोवती जाळी, घोड्यावर लादलेला संसार आणि तीन दगडांची चूल. लहानपणी आत्यांना कोकरं राखायला एकटीला माळावर बसवून घरचे पुढे जायचे. जवळपास देऊळ नाही, की घर नाही. त्या सांगतात, "तवाच आला आन आत बसला. मला वाटलं, पावणा हाय, दोन दिसांनी जाईल. कसलं काय. घरजावई झालाय मेला."

ऐकायला गोड वाटतं. सोबत राहून बघा म्हणजे कळेल.

आमच्या दारी रोज सकाळी भाजीची गाडी यायची. एकदा भाजीवाल्याने चुकून मेथीच्या दोन जुड्या जास्त टाकल्या. त्या निवडून झाल्या, धुऊन झाल्या, फोडणीत पडल्या. तर आत्या उठल्या, कढईतली भाजी डब्यात भरली आणि भर उन्हात गाडीमागे पांदीपर्यंत चालत गेल्या. भाजीवाला बिचारा शिजलेली मेथी हातात घेऊन उभा. मी म्हटलं, आत्या, उद्या सांगितलं असतं त्याला. तर म्हणाल्या, "उद्यापतूर ह्यो मला घास गिळू दील का?"

शेजारच्या द्रौपदाबाईंशी बांधावरून कडाक्याचं भांडण झालं. चूक द्रौपदाबाईंची होती, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. तरी तिन्हीसांजेला आत्या ताकाचा तांब्या घेऊन त्यांच्या दारात. जाताना वाटभर बडबड, "मीच का? दर टायमाला मीच का? तिला कोन सांगत न्हाई का?" द्रौपदाबाई बौद्ध वस्तीतल्या, बोलायला रोखठोक. ताक घेतलं आणि म्हणाल्या, "सरूबाय, आमी देवबिव मानत न्हाई. पन तुमच्या आत जो कोन बसलाय तो मानूस बरा हाय." आत्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "मग ठिवून घ्या चार दिस."

आणि मला काय जाचतं ते सांगते. मी बारावी शिकलेली. देवाधर्माचं मला वावडं नाही, उलट हौस आहे. आळे गावच्या एका मंगल कार्यालयात ध्यानाचं शिबिर होतं, 'स्वतःतील ईश्वर शोधा' असा बोर्ड लावलेलं. मी फी भरून गेले, आणि आत्यांना बळेच सोबत नेलं, म्हटलं यांच्याही मनाला जरा वळण लागेल. पांढऱ्या साडीतल्या ताई म्हणाल्या, डोळे मिटा, आत बघा, शांती जाणवेल. मी मिटले. मला मांडीला आलेल्या मुंग्या जाणवल्या, दुधाचं भांडं झाकलं की नाही ते आठवलं, आणि पुढच्या रांगेतल्या बाईचं घोरणं ऐकू आलं. ईश्वर काही आला नाही. मग ताईंनी एकेकीला अनुभव विचारला. कुणाला उजेड दिसला, कुणाला ओंकार ऐकू आला. आत्यांची पाळी आली. त्या म्हणाल्या, "शांती कसली बाई? ह्यो दिवसभर बोलतोय. तुमच्याकडं ह्याला जरा गप करायचं औषद आसंल तर द्या." सगळं कार्यालय हसलं. माझी मान खाली. येताना एसटीत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. फी भरून शोधणारी मी, आणि तो बसलाय त्यांच्याकडे, फुकटात, आणि त्यांना तो नको झालाय! राग येणार नाही तर काय?

जालिंदर भाऊजी गेले तेव्हाची गोष्ट मात्र वेगळी. भाऊजी म्हणजे आत्यांचा धाकटा मुलगा, माझा दीर. टमाट्याचा टेम्पो घेऊन जाताना आळेफाट्याच्या अलीकडे टेम्पो उलटला. मागे राहिली बायको रत्ना आणि दुडूदुडू चालणारी लेक प्रांजल. तेव्हा आत्यांची बडबड एकाएकी थांबली. धार काढताना नाही, खुरपताना नाही, चुलीपुढे नाही. लग्न झाल्यापासून ज्या बडबडीचा मला वैताग, ती थांबली तर घर खायला उठलं. एकदा मीच विचारलं, "आत्या, आतला गेला का?" तर म्हणाल्या, "हाय तितंच. मी बोलत न्हाई त्येच्याशी. त्यो बसलाय गप, मान खाली घालून." देवाशी अबोला धरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तो अबोला चांगला वर्षभर टिकला.

प्रांजलनेच तो मोडला. ती आजीच्या पाठीला चिकटून झोपायची, आजीच्या हातचंच जेवायची, आजी शेतात गेली की बांधावर बसून राहायची. आजकाल बिबट्याची भीती, म्हणून मी ओरडायचे, तर दोघी मिळून माझ्याकडे बघून हसायच्या. एकदा ती आत्यांच्या छातीला कान लावून म्हणाली, "आज्जे, आत कोन हाय ग?" आत्या म्हणाल्या, "हाय एक भांडकुदळ." आणि त्या दिवसापासून पुन्हा भांडण सुरू झालं.

गेल्या दिवाळीत रत्नाच्या मावशीने रत्नासाठी स्थळ आणलं. अवसरी खुर्दचा रोहिदास, आपल्यातलाच. इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्याला त्याचं झेरॉक्सचं दुकान. बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही. माणूस मवाळ वाटला. चहा घेताना एवढंच बोलला, "प्रांजलला ठिवून येऊ नका. तिच्यासकट या. माघी पुनवेपतूर कळवा, न्हाईतर मी दुसरीकडं बघंन."

रत्ना तिशीच्या आतली. ती मला गोठ्यात गाठून म्हणाली, "ताई, मला जायचंय. पन माज्या तोंडनं मी कशी म्हनू?" मी म्हटलं, मी सांगते. सांगितलं नवऱ्याला. आता माझे यजमान गोरक्ष हा एक स्वतंत्र वैताग आहे. त्यांना कांदा आज काढायचा की उद्या एवढं विचारलं तरी ते आभाळाकडे बघतात. ते म्हणाले, "आयेला इचार." आत्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "गोरक्षाला इचार." असं टोलवाटोलवीचं महिनाभर चाललं. शेवटी प्रकरण भावकीत गेलं. म्हणजे सावळेराम मामंजींकडे. हे आमच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, भावकीतले वडीलधारे. गाडी फोरव्हीलर आणि विचार बैलगाडीचे. ते म्हणाले, "इधवेचं दुसरं लगीन आपल्यात चालत न्हाई. पन नको, आमाला वाईटपना नको. देवाला कौल लावू. पुनवेला माळावर जत्रा हाय. देव जे म्हनंल ते."

कौल म्हणजे काय ते सांगते. आमच्या बिरोबाच्या माळावर देवापुढे मेंढा उभा करतात. त्याच्या कपाळाला भंडारा लावतात, प्रश्न विचारतात आणि पाठीवर कळशीभर पाणी ओततात. मेंढ्याने अंग झाडलं, थरथरून पाणी उडवलं, की देवाने हो म्हटलं. नाही झाडलं तर नाही. बिनबोभाट निकाल, अपील नाही.

मी चिडले. एका बाईच्या जन्माचा निवाडा मेंढ्याने करायचा? पण रत्ना म्हणाली, "जाऊ द्या ताई. निदान कुनी तरी हो न्हाई तर न्हाई म्हनंल."

त्या दिवसांत आत्यांची बडबड इतकी वाढली की गायीसुद्धा कान टवकारून बघायच्या. मी शेणाची पाटी उचलायला गेले तर आत आत्या गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या, आणि दबक्या आवाजात म्हणत होत्या, "न्हाई म्हनते ना. किती येळा तेच तेच. ल्योक नेलास, मी काय बोलले का? आता लेकराला बी धाड म्हनतोस. न्हाई धाडायची मी." मी पाटी तिथेच ठेवून मागच्या पावली फिरले. तेव्हा मला उमगलं की खरा तिढा भावकीत नाही, गोरक्षकडे नाही, मेंढ्याकडे तर नाहीच नाही. रत्नाला जाऊ दे, पोरीला जाऊ दे, हे आत्यांना दिवाळीपासून कुणीतरी सांगतंय, आणि त्या एकट्या त्याच्याशी झुंजतायत. प्रांजल गेली तर त्यांच्या पाठीला कोण चिकटणार?

पुनवेला सकाळी आम्ही माळावर गेलो. जुन्नर भागातली माघातली थंडी, त्यात माळावरचा वारा. देऊळ म्हणजे चार बाय चारची खोली, आत शेंदूर लावलेले दगड, बाहेर नवीन फरशी. मेंढा गोरक्षने विकत आणलेला, कारण आमच्या घरातली मेंढरं सासऱ्यांनीच विकून विहीर काढलेली. भावकीत आता मेंढरं राखणारं कुणी उरलं नाही. कांदे, ऊस, टमाटे, नाहीतर पुण्याला नोकऱ्या. मेंढा दिसायला झोकदार होता, काळाभोर, अंगावर दाट लोकर. सगळे म्हणाले, काय जनावर आणलंय गोरक्षभाऊ. गोरक्ष आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर ठाम असल्यासारखे दिसत होते.

देवाची पूजा गेणभाऊंकडे. त्यांनी मेंढ्याला भंडारा लावला, हार घातला आणि मोठ्याने म्हणाले, "देवा बिरोबा, सुनेला आन नातीला जायची आज्ञा आसंल, तर अंग झाड." आणि कालव्याच्या थंडगार पाण्याची कळशी त्याच्या पाठीवर रिकामी केली.

मेंढ्याने मान वळवली आणि गळ्यातल्या हारातलं झेंडूचं फूल खाल्लं.

दुसरी कळशी. मेंढा उभाच. तिसरी ओतली, तेव्हा त्याने दुसरं फूल खाल्लं. मग सुरू झाली कारणमीमांसा. कुणी म्हणालं, चामड्याची वस्तू अंगावर असंल. झालं, सगळ्या पुरुषांनी कमरेचे पट्टे काढले आणि एका हाताने पँटी धरून उभे राहिले. पाकिटं काढली. मोबाईल बंद केले, का ते देव जाणे. कुणी म्हणालं, कानात दोन थेंब टाका, लगेच झाडतंय. त्यावर सावळेराम मामंजी कडाडले, "देवाला फसवायचं न्हाई!" आणखी एक कळशी गेली. मग मामंजींनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "कुनाच्या तरी मनात खोट हाय."

सगळ्यांचे डोळे रत्नाकडे. ती बिचारी पदर घट्ट धरून उभी. बायकांत कुजबुज सुरू झाली, जायाची लई घाई झालीय, देवाला कसं आवडंल. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पट्टे काढलेले बापे एका हाताने विजारी सावरतायत आणि खोट रत्नाच्या मनात! मी तोंड उघडणार तेवढ्यात गोरक्षने माझा दंड दाबला. एरवी निर्णय न घेणाऱ्या माणसाला बायकोला गप करायचं तेवढं अचूक सुचतं.

मग माझं लक्ष आत्यांकडे गेलं. त्या बाजूला बाभळीखाली बसल्या होत्या. ओठ भराभर हलत होते, चेहरा संतापाने लाल झालेला. मी जवळ गेले. "आत्या, बरं वाटत नाही का?"

त्या हळूच म्हणाल्या, "ह्या येड्यांनी मेंढा कातरला न्हाई."

"म्हणजे?"

"आगं, कौलाच्या आदी पाठ कातरत्यात. लोकर तेलकट आसती. बघ, पानी वरच्यावर वघळून चाललंय. कातडीला थेंब लागला न्हाई. जनावर झाडंल कशाला?"

मी बघितलं. खरंच, पाणी लोकरीवरून ओघळून फरशीवर जात होतं. मेंढ्याला आंघोळ कुणाची चाललीय तेही कळत नव्हतं. मेंढरं सोडून एक पिढी झाली आणि आमची अख्खी भावकी हे विसरली होती.

"मग सांगा की त्यांना!" मी म्हटलं.

"सांगू?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "सांगितलं म्हंजी पोरगी गेली, हिरे."

मी त्यांच्यापाशी खाली बसले. मला सांगता आलं असतं, पण माझं कोण ऐकणार? आणि खरं सांगायचं तर त्या नजरेपुढे मला धीर होईना. तिकडे गेणभाऊंनी अजून एक कळशी भरून आणली. मामंजी म्हणाले, "ही शेवटची. ह्याउप्पर देवाला तरास द्यायचा न्हाई." प्रांजल आईचा पदर सोडून पळत आली आणि आत्यांच्या मांडीवर बसली. आत्यांनी तिला दोन्ही हातांनी आवळलं, डोळे मिटले. ओठ चालूच. "ऐकू येतंय. बहिरी न्हाई मी... मला ठावं हाय... व्हय, तिचं बी वय हाय, व्हय... आरं पन मी काय करू मागं?... तू हायेस! तू हायेस म्हनतो. तुला काय पाठीशी घेऊन झोपू?" मग त्यांनी पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि म्हणाल्या, "बोलते बाबा. बोलते. तुझंच खरं कर."

त्या थेट मेंढ्यापाशी गेल्या आणि लोकरीत बोटं खुपसून म्हणाल्या, "भावजी, हात लावून बघा. आत कोरडं ठाक हाय. मेंढा कातरला न्हाई तुमी."

सावळेराम मामंजींनी हात लावला नाही. "वयनी, एवढ्या कळश्या झाल्या. देवानं न्हाई म्हनलं."

"देव न्हाई वो, लोकर न्हाई म्हनली."

कुणीतरी हसलं. मामंजी चिडले. "आन आता कातर कुठनं आनायची? देवापुढं जनावर कातरत बसायचं का? आन आमी म्हनतोच हाय, इधवेचं लगीन आपल्यात चालतच न्हाई. देवाला बी ते ठावं हाय."

"कवापास्नं चालत न्हाई?" आत्यांचा आवाज चढला. "तुमची सख्खी आजी, आपल्या घरची थोरली म्हातारी, पाटाची व्हती, दुसऱ्या लग्नाची. पैला दादला वाड्यावर पटकीनं गेला आन दुसऱ्या सालीच तिचा पाट लावला, लेकरासकट. तवा वाड्यावर शहाणी मानसं व्हती. आता बंगलं झालं आन अकला गेल्या!"

मामंजी म्हणाले, "ते जुनं झालं," पण आवाजात पहिली गुर्मी नव्हती.

"बरं, जुनं झालं. मला एक सांगा. मेंढ्याच्या अंगात देव येतो आन झाडून सांगतो. खरं का?"

"खरं."

"आन मानसाच्या?"

मामंजी गेणभाऊंकडे बघायला लागले. गेणभाऊ म्हातारे, देवाची पूजा करून करून मऊ झालेले. ते म्हणाले, "मानसात तर कायमच आसतो, सरूबाय."

"मग मला इचारा. मला कातरायला बी लागायचं न्हाई."

आणि कुणाला काही कळायच्या आत आत्यांनी डोक्यावरचा पदर काढला, मेंढ्याशेजारी फरशीवर उकिडव्या बसल्या आणि तिथल्या ताटलीतला भंडारा स्वतःच्या कपाळाला फासला. "वता गेणभाऊ." गेणभाऊंना हात उचलवेना. "वता म्हनते ना!" तरी ते तसेच. "मेलं सगळं मलाच करायला लागतंय," म्हणत आत्यांनी त्यांच्या हातातली भरलेली कळशी ओढून घेतली आणि डोक्यावरून ओतली.

त्या थंडीत, त्या वयाला, ते पाणी. आत्या डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत थरथरल्या. दात कडकड वाजले. केसांतून पाणी उडून मामंजींच्या पांढऱ्या शर्टावर भंडाऱ्याचे पिवळे शिंतोडे पडले. आत्या तशाच कापत मामंजींकडे मान वर करून म्हणाल्या, "झाडलं का भावजी? का अजून एक वतू?"

मामंजी शर्टावरचे शिंतोडे झटकायला लागले. मागून गेणभाऊ ओरडले, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि मग सगळा माळ ओरडला. ओरडताना दोघातिघांच्या हातातल्या पँटी सुटल्या, ते सोडा. रत्ना धावत येऊन आत्यांच्या गळ्यात पडली आणि तीही भिजली.

मी आत्यांना बाजूला नेलं, गोरक्षचा स्वेटर काढून घेतला, त्यांना गुंडाळलं आणि मनसोक्त बोलले. "न्युमोनिया होईल, कोण निस्तरणार? एवढ्या लोकांत हे काय आत्या?" त्या चहाचा कप दोन्ही हातांनी धरून कापत होत्या. मी शेवटी विचारलंच, "खरं सांगा, देवाने थरथरलात का थंडीने?"

"थंडीनं. पानी बर्फावानी व्हतं."

"मग कौल?"

"कौल त्यानं दिवाळीतच दिलाय. मीच ऐकत नव्हते. तुमास्नी बघायला काय तरी पायजे आसतं, म्हनून अंगावर घेतलं पानी."

याच्यावर चिडावं की पाया पडावं? मी दोन्ही केलं नाही. दुसरा चहा आणला.

पंधरवड्यात लग्न झालं. देवळातच, साधं. रोहिदासने प्रांजलसाठी मागच्या सीटवर उशी घालून गाडी आणली होती. सामान चढवताना आत्या सगळ्यांवर खेकसत होत्या, हे नीट धरा, ते सांडंल, पोरीच्या कानाला रुमाल बांधा. प्रांजलला वाटत होतं गावाला जाऊन परत यायचंय. ती खिडकीतून म्हणाली, "आज्जे, मी आली की धार काढू आपण." आत्या म्हणाल्या, "व्हय." गाडी पांदीला वळेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग खुरपं घेऊन सरळ कांद्यात गेल्या. मी हाक मारली, जेवून घ्या. आल्या नाहीत. गोरक्षना म्हटलं, जाऊन बसा जरा आईजवळ. ते आभाळाकडे बघायला लागले.

दिवस कलताना मी गोठ्यात गेले. आत्या गाईला पेंड घालत होत्या. तोंडातून चकार शब्द नाही. मला वाटलं, धरला पुन्हा अबोला. त्या आतल्याशी मी उभ्या जन्मात बोलले नाही, शिबिरात पैसे भरून बोलावला तरी तो आला नाही. पण त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की समोर असता तर शेणाची पाटी त्याच्या अंगावर टाकली असती. मी म्हटलं, "का आत्या, झालं का समाधान त्याचं? काम झाल्यावर बसला ना गप?"

"गप न्हाई," आत्या गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "रडतोय. गाडी गेल्यापासनं रडतोय नुसता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, नात माझी गेली. तुझं काय गेलं रं?"

"मग?"

आत्यांनी पदराने डोळे पुसले. "म्हनतो, माझी बी."